टेलिफोन कधीही न ऐकलेली बाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप समितीकडून आला तेव्हा बहुतेकांची अपेक्षा असणार की मी प्रार्थनेची घंटा, डब्यातले लोणचे आणि सहलीची एस. टी. यांच्यावर लिहीन. त्या आठवणी तुम्ही सगळे लिहिणारच आहात, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहाल. मी लिहिणार आहे ते एका परदेशी बाईबद्दल. ती वारून शंभर वर्षे उलटून गेली. आपल्या शाळेशी तिचा काडीचा संबंध नाही. तरी गेली काही वर्षे तिची गोष्ट आठवली की मला आपला आठवी ‘ब’चा वर्ग आठवतो. का ते पुढे येईलच.

तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे की मी दहावीनंतर थोडी शिकले आणि टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून चिकटले. ट्रंक बोर्डावर कानाला हेडसेट लावून वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या हॅलो-हॅलोच्या मधे बसण्यात माझी नोकरी गेली. ग्रॅहम बेलचे चित्र आमच्या ऑफिसात होते. दाढीवाला, भरदार, थोडा आपल्या गणिताच्या सरांसारखा. त्याने टेलिफोन काढला, एवढे विज्ञानाच्या पुस्तकात होते आणि तेवढेच मला निवृत्त होईपर्यंत माहीत होते. त्याच्या बायकोला ऐकू येत नव्हते, हे मला कळले ते मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडात हॅलिफॅक्सला गेले तेव्हा. जावईबापूंनी एका सुट्टीत गाडी काढली आणि चार तासांवरच्या बॅडेक नावाच्या गावी आम्हाला नेले. तळ्याकाठचे लहानसे गाव. तिथे बेलचे मोठे संग्रहालय आहे. मी गेले होते आमच्या खात्याच्या मूळपुरुषाचे दर्शन घ्यायला, आणि परत आले ती त्याच्या बायकोचा विचार करत. पुढे तिच्याबद्दल मिळेल ते वाचले, मुलीकडून समजून घेतले.

तिचे नाव मेबल. माहेरचे आडनाव हबर्ड. जन्म २५ नोव्हेंबर १८५७ चा, अमेरिकेत केंब्रिज गावी, बॉस्टनच्या शेजारी. वडील गार्डिनर हबर्ड वकील आणि मोठे खटपटे गृहस्थ. पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फीवर झाला. ती जगली, पण ऐकणे कायमचे गेले. त्या काळी तिकडे रीत अशी होती की बहिऱ्या मुलाला मोठे होऊ द्यायचे, मग दूरच्या वसतिशाळेत घालायचे आणि खुणांची भाषा शिकवायची. तोवर मूल शिकलेले बोलणेही विसरून जाई. हबर्ड दांपत्याने ते मानले नाही. घरातल्या सर्वांनी तिच्याशी तोंडासमोर येऊन बोलायचे, तिने ओठ बघून समजून घ्यायचे आणि तोंडाने उत्तर द्यायचे, असा नियमच केला. मेरी ट्रू नावाची एक तरुण शिक्षिका घरी ठेवली. त्या मास्तरीणबाईंना बहिऱ्या मुलांना शिकवायचा काही अनुभव नव्हता. मला तर वाटते तेच बरे झाले. काय जमणार नाही ते त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

मेबल नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे उभे केले. बहिऱ्या मुलांसाठी तोंडी बोलायला शिकवणारी शाळा काढायची, तर अशी मुले शिकू शकतात हे आधी पटवायला हवे होते. त्या लहान मुलीने भूगोलाच्या, इतिहासाच्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि १८६७ मध्ये नॉर्दॅम्प्टन गावी क्लार्क स्कूल सुरू झाले. आपल्याकडे शाळा तपासणीला साहेब येत, तेव्हा आपली काय अवस्था होई ते आठवा. इथे तर एका पोरीच्या उत्तरावर शाळा निघणार की नाही हे ठरत होते. तिच्या सार्वजनिक कामाची सुरुवात मी तिथूनच धरते, तिला तेव्हा त्याची कल्पना नसली तरी.

पुढे ती युरोपात राहिली, जर्मन शिकली आणि जर्मन लोकांचे ओठही वाचू लागली. १८७३ मध्ये उच्चार सुधारावेत म्हणून तिला बॉस्टनला एका तरुण शिक्षकाकडे पाठवले. तो अलेक्झांडर ग्रॅहम बेल. वयाने दहा वर्षांनी मोठा. पहिल्या भेटीत तिला तो मुळीच आवडला नव्हता, त्याचा वेषही गबाळा वाटला होता. बेलची आईही ऐकण्यात अधू होती. बहिऱ्यांना शिकवणे हा त्या घराचा पेशाच. टेलिफोन ही त्या कामाच्या कडेला निघालेली गोष्ट.

१८७५ मध्ये तिच्या अठराव्या वाढदिवशी त्यांचे लग्न ठरले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये बेलला पेटंट मिळाले, पण जगाला त्याची वार्ता नव्हती. जूनमध्ये फिलाडेल्फियाला मोठे प्रदर्शन भरले होते. बेल महाशय म्हणे विद्यार्थ्यांचे पेपर तपासायचे आहेत, मी येत नाही. (शिक्षकवर्गाने इथे हसावे.) मेबलने त्याची बॅग गुपचूप भरून घेतली आणि फिरायला जाऊ म्हणून घोडागाडी थेट स्टेशनवर नेली. तो चिडून वाद घालू लागला तशी तिने मान फिरवली. ओठ दिसले नाहीत की तिच्यापुरता वाद संपला. तो गेला. ब्राझीलच्या बादशहाने आणि परीक्षकांनी ते यंत्र ऐकले, आणि पुढचे आपण पुस्तकात वाचले आहे. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा आमचे हे म्हणाले, हा उपाय तुम्हा सगळ्यांना ऐकू येत असूनही बरा जमतो.

११ जुलै १८७७ ला लग्न झाले. लग्नाची भेट म्हणून बेलने नव्या टेलिफोन कंपनीतले आपले जवळजवळ दीड हजार शेअर तिच्या नावे केले आणि स्वतःकडे फक्त दहा ठेवले. हे वाक्य मी संग्रहालयात दोनदा वाचले. त्या काळात, एकोणीस वर्षांच्या, ऐकू न येणाऱ्या मुलीच्या हातात एवढा पैसा! आणि तो तिने सांभाळला. बेल हिशेबात कच्चा. घर, नोकर, गुंतवणूक, प्रयोगशाळेचा खर्च, सगळे तीच बघायची. दोन मुली झाल्या, एल्सी आणि मॅरियन. दोन मुलगे झाले आणि दोघेही जन्मतःच गेले, १८८१ आणि १८८३ मध्ये. पहिल्याला श्वास घेता आला नाही. त्यानंतर बेलने श्वास चालू ठेवणारे एक यंत्र बनवायला घेतले. ती काय करत होती हे कोणी फारसे लिहिलेले नाही.

१८८५ मध्ये हे कुटुंब फिरत फिरत कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावर आले आणि बॅडेकच्या प्रेमात पडले. समोरच्या डोंगरावर जागा घेऊन मोठे घर बांधले. त्याचे नाव बेन व्रीआह, तिथल्या गेलिक भाषेत सुंदर डोंगर. गावात बहुतेक स्कॉटलंडहून आलेली शेतकरी आणि मच्छीमार माणसे. हिवाळा लांब, कामे थोडी, आणि बायकांना घर, चर्च यांपलीकडे जायला जागा नाही. डोंगरावरची श्रीमंत बाई आली की गावाला काय मिळते ते आपण पाहिलेले आहे: एखादी देणगी, एक पाटी, आणि पाटीवर नाव. मेबलने काय केले, ते मला सांगायचे आहे.

१८९१ मध्ये तिने गावातल्या बायकांना आणि मुलींना जमवून एक मंडळ काढले. यंग लेडीज क्लब ऑफ बॅडेक. चहा होताच, पण नुसता चहा नव्हता. सभासदांनी एखादा विषय घ्यायचा, वाचायचे, निबंध तयार करायचा आणि सर्वांसमोर उभे राहून वाचून दाखवायचा, त्यावर चर्चा करायची. ज्या बाईला स्वतःला चारचौघांतले बोलणे पकडताना जीव टांगणीला लागे, कारण एका वेळी एकाच माणसाचे ओठ बघता येतात, तिने गावाला चारचौघांत बोलायला शिकवले. तिचा स्वतःचा आवाज सवय नसलेल्या माणसाला चटकन कळत नसे. तरी ती बोलायची. बेलच्या मृत्यूनंतर त्या मंडळाला त्याचे नाव मिळाले आणि ते अजून चालू आहे. मंडळ काढले बाईने आणि नाव लागले नवऱ्याचे, याची मला जरा गंमत वाटली. पण तिला ते खटकले नसते असे तिच्याविषयी जे वाचले त्यावरून वाटते.

गावात सार्वजनिक वाचनालय उभे राहण्यातही तिचा हात होता. लहान मुलींसाठी तिने शिवणवर्ग काढला. पुढे बायकांना लेस विणायला शिकवण्याची सोय केली, म्हणजे हिवाळ्यात घरबसल्या चार पैसे मिळतील. नवऱ्याच्या प्रयोगशाळेतही तिथल्या बायकांना काम मिळे. बेल तेव्हा त्रिकोणी खणांचे प्रचंड पतंग बनवायचा, माणूस उचलून नेण्याएवढे. त्यांचे लाल रेशमी कापड शिवायला गावातल्या बायका असत. एका पतंगात तीन हजारांवर खण! संग्रहालयात एक फोटो आहे: त्या खणाच्या सांगाड्यात मेबल उभी आहे आणि बेल वाकून तिचे चुंबन घेतो आहे. आमच्या मागे एक शाळेची सहल होती, ती मुले तिथे खिदळत होती. आपणही खिदळलोच असतो.

१८९५ मध्ये तिने बॅडेकला पालक आणि शिक्षक यांची एक संघटना उभी केली. कॅनडातली तशी ती पहिलीच धरतात. आपल्या शाळेत पालक येत ते प्रगतिपुस्तकावर सही करायला किंवा पोराने काच फोडली म्हणून. पालकाने शाळेत येऊन शाळेला काय हवे ते विचारायचे, ही कल्पना त्या काळी तिकडेही नवी होती.

मग मॉन्टेसोरी. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बालवाडीचे रोप लावले ते आपण जाणतो, आणि मॉन्टेसोरीबाई स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या तेही. त्याच्या कितीतरी आधी, १९१२ च्या उन्हाळ्यात, मेबलने बेन व्रीआहला मॉन्टेसोरी पद्धतीचा वर्ग सुरू केला. तिची नातवंडे आणि गावातली मुले एकत्र बसत. कॅनडातला हा पहिला मॉन्टेसोरी वर्ग. त्या वर्षीच वॉशिंग्टनमधल्या घरीही वर्ग भरला. १९१३ मध्ये मॉन्टेसोरीबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा बेल दांपत्याने त्यांचे स्वागत केले. मेबलला ती पद्धत का भावली असेल, याचा मी माझ्यापुरता अंदाज बांधला आहे. त्यात मूल हाताने आणि डोळ्याने शिकते. बाईंनी सांगितलेले ऐकत बसावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर आपल्या वर्गातली विमानवेडी मंडळी रागावतील. १९०७ मध्ये बेलच्या भोवती चार तरुण जमले होते: मॅकर्डी, बाल्डविन, कर्टिस आणि सेल्फ्रिज. यांची रीतसर संघटना करा, खर्च मी देते, असे सुचवणारी मेबलच. तिने आपल्या मालकीची मिळकत विकून २०,००० डॉलर घातले, आणि ते पुरले नाहीत तेव्हा आणखी दिले. सेल्फ्रिज १९०८ मध्ये ओरव्हिल राइटच्या विमानातून जाताना अपघातात गेला. इंजिनच्या विमानात प्राण गमावणारा पहिला माणूस तोच. मेबलला तो घरच्या मुलासारखा होता. तरी काम थांबले नाही. २३ फेब्रुवारी १९०९ ला बॅडेकच्या गोठलेल्या तळ्यावरून मॅकर्डीने सिल्व्हर डार्ट विमान उडवले. कॅनडातले ते पहिले उड्डाण. गाव बर्फावर उभे राहून बघत होते.

आता एक गोष्ट अशी, जी संग्रहालयात जरा आडबाजूला आहे आणि माझ्या मुलीने मला समजावून सांगितली. बेलने आयुष्यभर बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेला विरोध केला. त्यांनी तोंडानेच बोलावे, ओठच वाचावेत, आणि बहिऱ्यांनी बहिऱ्यांशी लग्ने करू नयेत, असे त्याचे मत होते. त्याने ते १८८३ मध्ये विद्वानांपुढे मांडलेही. त्या मताच्या लोकांचा जोर झाला आणि कितीतरी शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. मुलांचे हात बांधल्यासारखे झाले. बहिऱ्या समाजात बेलचे नाव आजही आदराने घेतले जात नाही, ते यामुळे. आणि मेबल? ती नवऱ्याच्या बाजूची होती. ओठ वाचण्याच्या कलेवर तिने लेखही लिहिला. इतर बहिऱ्या माणसांत मिसळायला ती कचरत असे, आपण ऐकणाऱ्यांतल्याच आहोत असे लोकांनी समजावे ही तिची इच्छा. जिने गावच्या बायकांसाठी एवढे केले, ती आपल्यासारख्याच माणसांपासून लांब राहिली. मला हे वाचून वाईट वाटले. तिला जे साधले त्यामागे श्रीमंत बाप होता, घरची शिक्षिका होती, आणि पाच वर्षांपर्यंत ऐकलेली भाषा होती. जन्मापासून न ऐकणाऱ्या गरिबाच्या मुलाला तेच करून दाखव म्हणणे अन्यायाचे होते. हे तिला कधी जाणवले असेल का, मला सांगता येत नाही. पण तिला देव्हाऱ्यात बसवून मला हा लेख लिहायचा नव्हता.

आता आपला वर्ग.

पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला माझ्याशेजारी बसणारी मुलगी तुम्हाला आठवते का? नाव मुद्दाम लिहीत नाही. तिसरीत असताना तिला मोठा ताप आला होता आणि त्यात तिचे कान गेले होते. सातवीपर्यंत ती चांगल्या मार्कांनी पास होत होती. याचे कारण ती बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि बाई फळ्याकडे वळून बोलू लागल्या की मी तिच्याकडे तोंड करून आवाज न काढता तेच शब्द बोलायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा. आठवीत उंचीप्रमाणे बाक बदलले. ती उंच, ती शेवटी गेली. मी दोन-चार दिवस मागे वळून बोलले. वर्गात बडबड करते म्हणून मला अंगठे धरून उभे केले आणि मी वळणे सोडले. काय चालले होते ते मी सांगितले असते तर कदाचित समजून घेतले असते. मी सांगितले नाही. मला हसतील अशी भीती वाटली. नववीत ती नापास झाली आणि शाळा सुटली. मग मी आयुष्यभर लोकांचे बोलणे लोकांपर्यंत पोचवायचा पगार घेतला.

बॅडेकच्या त्या फोटोपुढे मला तीच आठवली. परत आल्यावर मी तिचा शोध घेतला. सापडली. तालुक्याच्या गावी तिचा शिवणाचा व्यवसाय आहे, हाताखाली मुली आहेत. नातवाने तिला मोबाइल घेऊन दिला आहे आणि ती व्हिडिओ कॉल करते! समोरच्याचे ओठ दिसतात, मग तिला काय अडचण? मेबलला टेलिफोनचा कधीच उपयोग झाला नाही. १९२२ च्या ऑगस्टमध्ये बेल गेला तेव्हा त्याच्या दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले सगळे टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. त्या मिनिटात सगळा खंड तिच्यासारखा झाला असेल. शोकासाठी काळे कपडे घालू नका, असे तिने येणाऱ्यांना सांगितले होते. पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ ला, ती मुलीच्या घरी कॅन्सरने गेली. तिची रक्षा बेन व्रीआहला त्याच्याशेजारीच आहे.

आमच्या व्हिडिओ कॉलवर पहिली दहा मिनिटे आम्ही दोघी नुसत्या रडलो. मग तिने विचारले, तू तेव्हा वळणे का सोडलेस? मी सांगितले. ती म्हणाली, तिला वाटले होते की माझे तिच्याशी बिनसले. चाळीसहून अधिक वर्षे तिला तसे वाटत होते.

बॅचच्या निधीबद्दल ग्रुपवर जी चर्चा चालू आहे तिच्यात मी आतापर्यंत बोलले नव्हते. कमानीला आणि तिच्यावरच्या नावांना माझा विरोध नाही, पण माझा वाटा कृपया त्यात धरू नये. मुख्याध्यापकांशी बोलले आहे. शाळेत आज ऐकण्यात अधू अशी तीन मुले आहेत. त्यांची कानाची तपासणी आणि मशीन, आणि खुणांची भाषा जाणणाऱ्या शिक्षकाचा आठवड्यातला एक दिवस, यासाठी माझे पैसे जातील. आणखी कोणाला घालायचे असतील तर मला फोन करा.

आणि संमेलनाला ती येते आहे. मी तिच्याशेजारी बसणार आहे, पहिल्या रांगेत, खिडकीच्या बाजूला. भाषणे करणाऱ्यांना एवढीच विनंती की माइक हनुवटीच्या खाली धरावा, तोंडावर उजेड राहील असे उभे राहावे, आणि मिश्या असलेल्यांनी जरा सावकाश बोलावे.